वाचकांचे प्रश्न : हात तोच, काम निराळे

या महिन्याच्या टपालातील पाच पत्रे एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून ती एकत्र घेत आहे. पदवीचे शिक्षण घेताना विषयाच्या ज्ञानाखेरीज जी कौशल्ये अंगी येतात आणि पुढे कोणत्याही कामात उपयोगी पडतात, त्यांना सध्या ‘ट्रान्स्फरेबल स्किल्स’ म्हणतात आणि त्याचे मराठी ‘हस्तांतरणीय कौशल्ये’ असे केले जाते. हा शब्द मला तलाठी कार्यालयातला वाटतो. सात-बारावरची जमीन हस्तांतरित होते, म्हणजे एका हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. कौशल्य मात्र त्याच हातात राहते आणि बदलते ते काम. म्हणून मला ‘सोबतीची कौशल्ये’ हा साधा शब्द बरा वाटतो. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी करवीर तालुक्यातील एका गावातून रोज कोल्हापूरला येऊन बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाचे शिक्षण घेत आहे. सकाळ-संध्याकाळ गावातील दूध संस्थेत संकलनाचे काम करतो. गेल्या महिन्यात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेखा विभागातील जागेसाठी मुलाखत दिली. ‘तुमच्याकडे कोणती ट्रान्स्फरेबल स्किल्स आहेत?’ असे विचारल्यावर मी ‘टीमवर्क, कम्युनिकेशन, हार्डवर्क’ असे पाठ केलेले तीन शब्द सांगितले. ‘एखादे उदाहरण द्या’ म्हटल्यावर मात्र मला काहीच सांगता आले नाही. खरे सांगायचे तर तीन वर्षांत कॉलेजने मला असे कोणतेही कौशल्य दिलेले नाही, असेच माझे मत आहे. माझे चुकते आहे का? ता. क. : पत्र पाठवण्यास उशीर झाला. दहा दिवसांच्या बिलात नऊ लिटरचा फरक येत होता, तो शोधण्यात दोन रात्री गेल्या.

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे, आणि तेही ताजा कलमात. मला राहवले नाही म्हणून मी उलट टपाली तो नऊ लिटरचा फरक कसा सापडला ते विचारले. तुम्ही कळवलेत की, वीज गेल्यामुळे त्या दिवशीचे संकलन वहीत हाताने लिहिले होते. फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो हे दिसताच तुम्ही उलटे पडलेले आकडे शोधायला सुरुवात केलीत, आणि मोठ्या गोठ्याच्या एका सभासदाचे २१ लिटर संगणकात चढवताना १२ पडल्याचे सापडले. फरकाला ९ ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असावी, आणि फरकाच्या निम्मी रक्कम खातेवहीत कोठे आढळली तर ती नावेऐवजी जमेला गेली असावी, हे दोन आडाखे दूध संस्थेत कोणी शिकवत नाही. तेरीज, म्हणजे तुमचा ट्रायल बॅलन्स, जुळत नसेल तेव्हा काय करायचे, या पाठात ते शिकवले जातात. म्हणजे कॉलेजच्या वर्गात मिळालेली एक पद्धत तुम्ही कोणी न सांगता गावातल्या संस्थेत नेलीत, तिच्या आधारे चूक पकडलीत, आणि मग मला लिहिलेत की कॉलेजने काही दिले नाही.

आता दुसरी बाजू. माझे माहेर भुदरगड तालुक्यातले आणि आमच्या घराला लागूनच दूध संस्था होती, त्यामुळे संकलनाच्या खिडकीवर काय चालते ते मी लहानपणापासून पाहिले आहे. काल ज्या म्हशीच्या दुधाला ७.२ फॅट लागली तिला आज ६.४ लागली, की किटली घेऊन आलेला माणूस खिडकीवर हात आपटून विचारणारच, ‘मशीन फिरवलंस काय रं?’ मागे वीस जणांची रांग, टँकर यायची वेळ झालेली, आणि समोरचा माणूस नात्याने चुलता. अशा वेळी जाणता मुलगा वाद घालत नाही. तो दूध पुन्हा नीट ढवळून त्याच्यासमोर दुसरा नमुना लावतो, आकडा त्यालाच वाचायला सांगतो, आणि मग हळूच विचारतो, ‘काका, शेवटची धार रेडकाला सोडली होती काय?’ शेवटच्या धारेत स्निग्धांश सर्वांत जास्त असतो. ती रेडकाच्या पोटात गेली की किटलीतली फॅट उतरते. काकांचा चेहरा पडतो, पण राग जातो, आणि संध्याकाळी ते पुन्हा त्याच संस्थेत दूध घालतात. तक्रार पूर्ण ऐकून घेणे, पुरावा समोर ठेवणे, कारण त्या माणसाच्या रोजच्या व्यवहारातल्या शब्दांत सांगणे आणि संबंध न तोडता नियम पाळणे, एवढे सगळे त्या दोन मिनिटांत झालेले असते. कारखान्याच्या लेखा विभागात पुरवठादाराचे बिल अडले की नेमके हेच करावे लागते.

मग तुम्हाला मुलाखतीत हे का आठवले नाही? माझ्या अनुभवाप्रमाणे विद्यार्थी कौशल्याची किंमत ते कोठे मिळाले यावरून करतात. प्रमाणपत्र मिळाले तर ते कौशल्य, संगणकाच्या क्लासला फी भरली तर ते कौशल्य. घरचे, गावचे, तालमीचे किंवा वहीच्या शेवटच्या पानावरचे काम हे नुसते काम. यात तुमचा एकट्याचा दोष नाही. एका ठिकाणी सफाईने येणारी गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही, हे अभ्यासकांनी वारंवार पाहिले आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला, बाजारातली ९८.२ टक्के उदाहरणे बरोबर सोडवणाऱ्या त्याच मुलांना कागदावरची नुसती आकडेमोड मात्र ३६.८ टक्केच जमली. आपल्या देशातही अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि २०२५ साली तो ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणितापाशी अडली, आणि शाळेत शिकणारी मुले बाजारातल्या हिशेबापाशी चाचपडली. तुम्ही या दोन्ही मुलांपेक्षा एक पाऊल पुढे आहात, कारण तुम्ही वर्गातले बाजारात नेऊन दाखवले आहे. फक्त ते तुमच्या लक्षात आलेले नव्हते.

पुढच्या मुलाखतीत ‘माझे कम्युनिकेशन चांगले आहे’ हे वाक्य उच्चारू नका. नऊ लिटरची हकिकत सांगा : फरक किती होता, तुम्ही प्रथम काय तपासले, का तपासले आणि काय सापडले. चार वाक्ये पुरेत. तुमच्या खिडकीवर आलेली फॅटची एखादी तक्रारही अशीच सांगा. ‘टीमवर्क’ हा शब्द मात्र वगळा, कारण या दोन्ही हकिकतींत तुम्ही एकटेच आहात आणि विचारणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येईल. तुमच्या मतातला एक भाग मला मान्य आहे. तेरीज शिकवताना ‘ही चूक शोधण्याची पद्धत आहे, केवळ हिशेबातली नव्हे’ असे एकही वाक्य कोणी बोलले नसेल, तर कॉलेजने तुम्हाला वस्तू दिली आणि तिचे नाव सांगायचे राहून गेले.

प्रश्न : माझा मुलगा भूगोल विषय घेऊन बी.ए. करतो. एका क्लासवाल्यांनी ‘इंग्लिश स्पीकिंग आणि पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’चा तीन महिन्यांचा कोर्स सुचवला आहे, फी २५ हजार. आमच्या वेळी कौशल्य वगैरे असे काही नव्हते. पैसे भरावेत का? (एक पालक, कागल)

उत्तर : भरू नका, निदान आत्ताच नको. इंग्रजी बोलण्याचा सराव उपयोगाचा आहे आणि तो त्याहून पुष्कळ कमी खर्चात होतो. परंतु इंग्रजी म्हणजेच संवादकौशल्य ही समजूत त्या फीमध्ये जास्तीची विकली जात आहे. मुलगा राष्ट्रीय सेवा योजनेत आहे का, ते आधी विचारा. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला १२० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. शंभर मुलांच्या जेवणाची जबाबदारी दोन दिवस अंगावर पडली की जे येते ते आरशासमोर उभे राहून येत नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याला तर गावचा नकाशा काढणे, पाण्याच्या पातळीच्या नोंदी ठेवणे, लोकांना प्रश्न विचारून माहिती मिळवणे हे अभ्यासक्रमातच करावे लागते.

आपल्या वेळी असे काही नव्हते, हे मात्र मान्य करता येणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ सालापासून वसतिगृहे उभी केली, आणि पुढे ज्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली ते कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले होते. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमुचे ब्रीद’ हे रयतेचे वाक्य ज्या ‘कमवा आणि शिका’ पद्धतीतून अमलात आले, ती शिवाजी विद्यापीठातही चालते. शिकता शिकता काम करण्याची रीत होतीच, कौशल्य हे नाव तेवढे मागाहून आले.

प्रश्न : मॅडम, मी गडहिंग्लज तालुक्यातली. पदवीनंतर पाच वर्षे कोल्हापुरात राहून राज्यसेवेची तयारी केली. दोनदा पूर्व परीक्षा पास झाले, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले, पुढे नाही. आता माझे वय २७ आहे आणि घरी परत ये म्हणून आग्रह आहे. अभ्यासिकेत नव्याने येणाऱ्या मुलींना मी राज्यघटना शिकवत असे, याशिवाय या पाच वर्षांत माझ्या हातून काही झाले नाही. नोकरीच्या अर्जात ही पाच वर्षे रिकामी दिसतात. विद्यापीठात मिळालेली कौशल्ये तरी शिल्लक असतील का, की सगळेच पाण्यात गेले?

उत्तर : सगळे पाण्यात गेले नाही, आणि सगळे वाचलेही नाही. तुम्हाला खोटा दिलासा देण्यापेक्षा दोन्ही गोष्टी मोकळेपणाने लिहिते.

एखाद्या विषयाच्या कठोर अभ्यासाने बुद्धीला धार येते आणि मग ती कोठेही चालते, अशी आपली जुनी श्रद्धा आहे. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०१ साली ती तपासून पाहिली. आयतांचे क्षेत्रफळ नजरेने ओळखण्याचा भरपूर सराव दिल्यावर लोक आयतांच्या बाबतीत सुधारले. परंतु निराळ्या आकाराची किंवा मोठी आकृती समोर ठेवली तेव्हा तो सराव फारसा कामी आला नाही. जुन्या आणि नव्या कामात जेवढे घटक सारखे, तेवढेच कौशल्य सोबत येते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्या शतकात या मताला पुष्कळ मुरड पडली असली, तरी तुमच्या प्रश्नापुरती ती कसोटी मला अजून उपयोगाची वाटते. चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव नोकरीत जवळजवळ कोठेच लागत नाही. इतिहासातील सनावळ्या दोन वर्षांत विसरल्या जातील. दिवसाचे दहा तास एकटीने बसून वाचण्याची सवय चांगली असली, तरी कार्यालयात ज्या प्रकारची शिस्त लागते, म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेत, दुसऱ्याच्या अपुऱ्या माहितीवर, मध्येच फोन येत असताना काम पुरे करणे, ती अभ्यासिकेत येत नाही. ती तुम्हाला नव्याने शिकावी लागेल आणि पहिले काही महिने जड जातील.

आता शिल्लक काय राहते ते पाहा. अर्थसंकल्पाचे किंवा आयोगाच्या अहवालाचे पन्नास पानी प्रकरण एका पानात आणणे तुम्ही पाच वर्षे केले आहे. शासन निर्णयाची भाषा तुम्हाला न अडखळता वाचता येते. ती वाचता येत नाही म्हणून सहकारी संस्था, छोटे उद्योजक आणि स्वयंसेवी संस्था पैसे देऊन माणसे शोधतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यातले कोणते काम कोणाकडे असते, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. सराव चाचणीनंतर चुकलेल्या प्रश्नांचे वर्गीकरण करणे, म्हणजे माहिती नव्हती, घाईत वाचले की दोन पर्यायांत गोंधळ झाला, हे जर तुम्ही खरोखर वहीत मांडत असाल, तर स्वतःच्या कामाची तपासणी करण्याची ती सवय मोठमोठ्या अधिकाऱ्यांनाही नसते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यानंतर तुम्ही उत्तरे लिहिण्याचा सराव केला असेल, तर दोनशे शब्दांत दोन्ही बाजू मांडून निष्कर्षावर येणे हेही त्यात धरा.

आणि ज्या गोष्टीला तुम्ही ‘याशिवाय काही झाले नाही’ असे म्हणता, तीच मला अर्जात सर्वांत वर लिहावीशी वाटते. घटनादुरुस्तीचे कलम ३६८ म्हणजे काय, हे कला शाखेच्या, कृषी शाखेच्या आणि अभियांत्रिकीच्या मुलींना एकाच खोलीत, पगार न घेता, पुन्हा पुन्हा समजावून सांगणे हे अध्यापन आहे. किती मुली होत्या, किती महिने शिकवले, टिपणे कोणी तयार केली, त्यांपैकी कोणाला त्याचा उपयोग झाला, हे आठवून लिहा. ती वर्षे झाकण्यासाठी ‘फ्रीलान्सिंग’सारखा शब्द घालू नका. ‘राज्यसेवेची तयारी, मुख्य परीक्षेपर्यंत, त्याच काळात नवीन उमेदवारांना राज्यघटनेचे अध्यापन’ असे सरळ लिहिले की जागा रिकामी राहत नाही. घरी जायचे की नाही, हा निर्णय तुमचा आहे. अर्ज मात्र कोल्हापुरातच बसून, अभ्यासिकेतल्या वह्या समोर ठेवून लिहा, गावी गेल्यावर त्या माळ्यावर जातात.

प्रश्न : मी इचलकरंजीच्या एका महाविद्यालयात शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार कौशल्यवाढीचे पेपर, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग हे सर्व आले. विद्यार्थी मात्र त्याकडे ‘क्रेडिटसाठी भरायचा कागद’ म्हणून पाहतात. यंत्रमाग कारखान्यांवरचे तीस प्रकल्प-अहवाल तपासले, त्यांतील अकरा शब्दशः सारखे निघाले. विद्यार्थ्यांना या कौशल्यांचे महत्त्व कसे पटवावे?

उत्तर : सर, पटवू नका. महत्त्व पटवणारी भाषणे त्यांनी पहिलीपासून ऐकली आहेत. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागतात आणि प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका श्रेयांकासाठी साधारण ३० तास धरले जातात; म्हणजे दोन श्रेयांकांचा प्रकल्प हे ६० तासांचे काम झाले. विद्यार्थ्याला ते एका दुपारी झेरॉक्सच्या दुकानात उरकता येते, हे त्याला समजलेले आहे, आणि आपण त्याला तेवढ्यावर गुण देतो, हेही समजलेले आहे. त्याचे मत आपल्या गुणपत्रिकेवरून तयार झाले आहे.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. नोकरीच्या मधल्या वर्षांत मी अर्थशास्त्राच्या वर्गाला पाच-पाच जणांचे गट करून शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यांवर प्रकल्प दिला होता. एका गटातील मुलगी सलग चार सकाळी यार्डात गेली. पहिल्या दिवशी अडत्यांनी तिच्याशी बोलायलाच नकार दिला. दुसऱ्या दिवशी ती हमालांपाशी जाऊन बसली, रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, कसे लावतात, रंगावरून आणि कडकपणावरून माल कसा वेगळा होतो, हे त्यांच्याकडून समजून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी अडत्यांना त्यांच्याच शब्दांत प्रश्न विचारले. मग त्यांनी तिला भाव लिहून घेऊ दिले. बाकीच्या चौघांनी मुखपृष्ठ रंगवले आणि स्पायरल बाइंडिंग केले. मी पाचही जणांना २० पैकी १७ गुण दिले. ती मुलगी काही बोलली नाही. वर्ष संपताना ग्रंथालयाच्या दारात भेटली तेव्हा म्हणाली, ‘मॅडम, मी काय शिकले ते तुम्ही विचारलंच नाहीत.’ काम न करता गुण मिळतात, हे उरलेले चौघे शिकले होते. तेही कौशल्य सोबत नेता येते आणि पुष्कळ जण ते निवृत्तीपर्यंत वापरतात.

पुढच्या वर्षी मी अहवालाचे निम्मे गुण काढून घेतले आणि ते प्रत्येकाने एकट्याने, वर्गात बसून, हाताने लिहायच्या एका पानाला दिले. प्रश्न तीनच होते : काम कोठे अडले, तेव्हा तुम्ही नेमके काय केले, आणि असाच अडथळा दुसऱ्या कोणत्या ठिकाणी येऊ शकेल. पहिल्या खेपेला बहुतेकांनी ‘या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले’ असे लिहिले. दुसऱ्या खेपेला मी त्या वाक्यावर बंदी घातली. मग हळूहळू खरे लिहिले जाऊ लागले, काही अगदी वाचनीय. जो यार्डात गेलाच नव्हता त्याला पहिल्याच प्रश्नापाशी पेन खाली ठेवावे लागले.

तिसऱ्या प्रश्नावर माझा विशेष भर आहे आणि त्यामागे कारण आहे. मेरी गिक आणि कीथ होल्योक यांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका किल्ल्याकडे जाणारे सगळे रस्ते सुरुंगांनी पेरलेले, मोठे सैन्य एका रस्त्याने नेता येत नाही, म्हणून सेनापती लहान तुकड्या सर्व रस्त्यांनी एकाच वेळी पाठवतो, अशी गोष्ट लोकांना वाचायला दिली. नंतर प्रश्न घातला : पोटातील गाठ किरणांनी नष्ट करायची आहे, पण तीव्र किरण वाटेतली निरोगी पेशीही जाळतात, तर काय करावे? सौम्य किरण अनेक बाजूंनी एकाच ठिकाणी सोडावेत हे उत्तर गोष्टीत जवळजवळ दिलेलेच होते, तरी आपण होऊन ते फार थोड्यांना सुचले. ‘मघाची गोष्ट उपयोगी पडेल’ एवढा इशारा दिल्यावर बहुतेकांना सुचले. आपण शिक्षक गोष्ट सांगतो आणि इशारा द्यायचे विसरतो.

तुमच्या अकरा अहवालांचे काय करायचे, असे तुम्ही विचारलेले नाही. तरीही सांगते, ते परत करा. इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटापासून दूर राहायचे म्हटले तरी राहता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष जाऊन पाहायला अडचण होती अशी सबब तेथे चालणार नाही.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. सगळीकडे कौशल्य-कौशल्य चालले आहे. आम्हाला विषय नीट शिकू द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. माझे हे मत मागासलेले आहे का?

उत्तर : मुळीच नाही. ब्रिटनमध्ये सर रॉन डिअरिंग यांच्या समितीने १९९७ साली उच्च शिक्षणासाठी संवाद, अंकज्ञान, माहिती तंत्रज्ञानाचा वापर आणि शिकायचे कसे ते शिकणे, अशी चार मुख्य कौशल्ये सांगितली, तेव्हापासून ती स्वतंत्र पेपर लावून शिकवावीत की विषयाच्या पोटातच गुंफावीत, यावर तेथेही वाद चालत आला आहे. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, म्हणजे तुमच्या बाजूचे. विषयाचे तास कापून ‘वेळेचे व्यवस्थापन’ या विषयावर स्लाइड दाखवणे मला वेळेचा अपव्यय वाटतो.

फक्त विषय नीट शिकणे म्हणजे काय, ते एकदा प्रयोगशाळेच्या वहीत पाहा. ब्युरेटची, म्हणजे द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडणाऱ्या नळीची, वाचने जुळेपर्यंत टायट्रेशनचा प्रयोग पुन्हा करणे, न जुळलेले वाचन व्हाइटनरने झाकून न टाकता एका रेघेने काटणे, शेजारी कारण, तारीख आणि सही घालणे, ही शिस्त तुम्हाला एव्हाना इतकी अंगवळणी पडली असेल की तिच्याकडे लक्षही जात नसेल. औषधनिर्मितीच्या कारखान्यात नोंदी ठेवण्याचा नियम नेमका हाच असतो आणि नव्याने आलेल्या पदवीधरांना तो शिकवण्यात तेथील लोकांचा बराच वेळ जातो. तुमची पहिल्या वर्षाची वही रद्दीत गेली नसेल, तर मुलाखतीला जाताना ती बरोबर घ्या आणि काटलेले वाचन असलेले पान उघडून दाखवा.